तिळाएवढे जीव आणि पाचशे लिटर पाणी

मे महिन्यात माहेरी गेले की संध्याकाळी मारुतीच्या पारावर गावातल्या मुलांना गोष्टी सांगायच्या, असा माझा गेल्या काही वर्षांचा नेम आहे. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात येते. तोवर हळद विकून झालेली असते, रानात मशागतीखेरीज फारसे काम नसते आणि उन्हाची झळ उतरायला साडेसात वाजतात; तिथून जेवणाची हाक येईपर्यंतचा तास-दीड तास माझ्या वाट्याला येतो. आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुले जमतात. यंदा सुट्या गोष्टी सांगायच्या नाहीत, एकच कादंबरी घ्यायची आणि सप्ताहात पारायण चालते तशी ती रोज थोडी थोडी पुढे न्यायची, असे मी मार्चमध्येच ठरवले होते. ती विज्ञानकादंबरी असावी, आणि तिच्यातला आकडा कागद-पेन्सिल घेऊन मुलांना स्वतः तपासता यावा, हेही ठरले होते. कोणती कादंबरी घ्यायची, एवढ्यावर मात्र मी दीड महिना अडून राहिले.

विज्ञानकादंबरीच का, याचे कारण गावापासून फार लांब नाही. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवजड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशात उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून ये-जा करणारा लेसरचा किरण, आणि दूर कुठे तरी दोन कृष्णविवरे किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले की त्या नळ्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही लहान असा फरक. मुलांना प्रकल्पाचे नाव पाठ आहे आणि आसपासच्या जमिनीचे भावही माहीत आहेत. न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हे मात्र त्यांना कोणी गोष्टीसारखे बसवून सांगितलेले नाही.

माझ्यासमोर दोन पुस्तके होती. अँडी वेअर यांची 'द मार्शियन' ही २०११ मध्ये त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने दिली आणि २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशनाकडून आली. रॉबर्ट फॉरवर्ड यांची 'ड्रॅगन्स एग' १९८० सालची. ज्याला हार्ड सायन्स फिक्शन म्हणतात, त्या प्रकारातल्या या दोन्ही कादंबऱ्या आहेत. म्हणजे निसर्गनियमांशी लबाडी करायची नाही, असे ठरवून लेखक लिहायला बसतो. हे साम्य सोडले तर दोन्हींची तोंडे दोन दिशांना आहेत. एकीत एकच माणूस मंगळावर दीड वर्ष तग धरतो. दुसरीत एका ताऱ्यावर राहणारी सबंध जात, माणसांच्या अवघ्या काही दिवसांत, रानटी अवस्थेपासून आपल्याही पुढे निघून जाते.

'द मार्शियन' मी पहिल्यांदा एका रात्रीत वाचली होती. मार्क वॉटनी हा वनस्पतिशास्त्र आणि यंत्र-अभियांत्रिकी शिकलेला अंतराळवीर. वादळात तो मेला असे समजून सहकारी निघून जातात. पुढची मोहीम येईपर्यंत सुमारे चार वर्षे काढायची, तर जवळचा शिधा पुरणार नाही आणि पीक काढावे लागेल. सणाच्या जेवणासाठी पाठवलेले थोडे कच्चे बटाटे हेच बियाणे. मग तो हिशेब मांडतो. घर आणि तंबू मिळून १२६ चौरस मीटर जागा होते, तिथे १० सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर घालायचा, म्हणजे १२.६ घनमीटर माती. एका घनमीटरला ४० लिटर पाणी लागते, म्हणजे सुमारे ५०० लिटर. इतके पाणी त्याच्याकडे नसते.

मराठवाड्यातल्या वाचकाला या ५०० लिटरपाशी थांबावेच लागते. टँकर येण्याच्या दिवशी दारापुढे लावून ठेवतात तो निळा ड्रम २०० लिटरचा असतो. म्हणजे वॉटनीचे सारे आयुष्य अडीच ड्रम पाण्यावर टांगलेले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते आणि पुढे ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. त्या उन्हाळ्यात मी लातूरमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होते. पिण्याचे, भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी वेगवेगळे काढून ठेवायचे, भाजी धुतलेले पाणी फरशी पुसायला राखायचे, आणि निजण्यापूर्वी ड्रममध्ये किती उरले ते वाकून बघायचे, हा आमचा रोजचा पाठ होता. वॉटनीची रोजनिशी वाचताना परक्या ग्रहावर गेल्यासारखे मला एकदाही वाटले नाही, ते यामुळे.

पाणी तो कसे करतो, ते या पुस्तकातले सर्वांत सरस प्रकरण आहे. यानाच्या इंधनातले हायड्रॅझिन इरिडियमच्या उत्प्रेरकावरून थेंबाथेंबाने सोडले की नायट्रोजन आणि हायड्रोजन वेगळे होतात. तो हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी मिळते. ऑक्सिजनसाठी मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडायचा. दहावीच्या मुलांना हे समीकरण फळ्यावर मांडता येते आणि जुळवताही येते. या प्रयोगात तो मरता मरता वाचतो, कारण न जळलेला हायड्रोजन खोलीत साठत गेल्याचे त्याच्या उशिरा ध्यानात येते.

या कादंबरीत चुका नाहीत असे नाही. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या १ टक्क्याहून कमी आहे, तेव्हा तिथले वादळ कितीही वेगाचे असले तरी यान आडवे करू शकणार नाही. लेखकाने स्वतःच हे मान्य केले आहे. फिनिक्स यानाला २००८ मध्ये तिथल्या मातीत परक्लोरेट सापडले होते, म्हणजे ती माती धुतल्याशिवाय लागवडीला आणि खायला धोक्याची. २०१३ मध्ये क्युरिऑसिटी या गाडीने तपासलेल्या मातीत वजनाने सुमारे २ टक्के पाणी निघाले. वॉटनीने नुसती माती तापवली असती तरी काम झाले असते. मला या चुकांचा राग येत नाही. लेखकाने सारे आकडे उघड्यावर मांडले म्हणूनच त्या सापडल्या, आणि मुलांकडून त्या शोधून घेणे हाच एक चांगला आठवडा झाला असता.

पुस्तकाच्या मध्यावर एका दाराजवळचे कापड फाटते, घरातली हवा क्षणात बाहेर निघून जाते आणि उभे पीक गोठून मरते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा दादाचा काढणीला आलेला गहू पंधरा-वीस मिनिटांत जमिनीला मिळाला होता. गारा वितळल्यावर तो बांधावर नुसता उभा होता. या पानावर मी प्रत्येक वेळी थांबते. पुढचा, पृथ्वीवरून सुटकेच्या मोहिमा आखण्याचा भाग वेगवान आहे. पण मातीत हात असलेला पहिला भाग मला जितका लागला तितका तो लागला नाही.

आता दुसरी कादंबरी. तिची ओळख करून देताना मला लेखकापासून सुरुवात करावी लागते. रॉबर्ट फॉरवर्ड हे गुरुत्वाकर्षणाचे अभ्यासक. गुरुत्वीय लहरी पकडण्याचा पहिला जिद्दी प्रयत्न करणाऱ्या जोसेफ वेबर यांच्याकडे त्यांनी संशोधन केले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत लेसर किरणांवर चालणारे गुरुत्वीय लहरींचे एक अगदी आरंभीचे यंत्र उभे केले. औंढ्याला जे यंत्र मोठ्या आकारात बसणार आहे, त्याच्या पहिल्या पिढीतले एक ज्याने हाताने जुळवले, त्याच माणसाने पुढे ही कादंबरी लिहिली. हे कळल्यावर पुस्तक मांडीवर मिटून मी बराच वेळ बसून राहिले होते.

कादंबरीतला तारा हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला अतिघन गाभा आहे. तो सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा आणि केवळ २० किलोमीटर व्यासाचा आहे, आणि तो सेकंदाला ५ वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ६७ अब्जपट असल्याचे फॉरवर्ड सांगतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. त्यातले सूत्र घेऊन मी गणित केले आणि उत्तर जवळजवळ तेच आले. माणसांचे यान या ताऱ्यापासून ४०६ किलोमीटरवर, त्याच्या फिरण्याशी जुळवून घेत घिरट्या घालते. केप्लरचा नियम लावून तेही पाहिले, आणि आकडा चोख निघाला. त्या अंतरावर यानातल्या माणसाचे डोके आणि पाय यांच्यावरच्या ओढीत इतका फरक पडतो की तो उभा फाटून जाईल. म्हणून यानाभोवती अतिघन पिंडांचे कडे फिरवून ती ओढ फेडलेली दाखवली आहे. कल्पना अफाट, पण हिशेब पै-पैचा, असे मला या पुस्तकाबद्दल वाटते.

त्या ताऱ्यावर चीला नावाचे जीव राहतात. वजन माणसाएवढे, आकार तिळाएवढा, डोळे बारा. त्यांचे शरीर अणूंच्या रासायनिक बंधांवर चालत नाही, अणुकेंद्रांच्या आंतरक्रियांवर चालते, म्हणून ते आपल्यापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी वेगाने जगतात. आपला एक सेकंद म्हणजे त्यांचे साडेअकरा दिवस. आमच्या शाळेतली तासिका ४० मिनिटांची असते. मी हजेरी घेऊन फळा पुसेपर्यंत त्यांच्याकडे मूल जन्मून, मोठे होऊन, ७६ वर्षांचे होऊन गेलेले असेल.

या पुस्तकाचे उणे मी लपवणार नाही. यानातली माणसे सपाट आहेत, त्यांच्या बोलण्यात जीव नाही, आणि कित्येक पाने व्याख्यानासारखी चालतात. वॉटनीचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. फॉरवर्ड यांच्या शास्त्रज्ञांची नावे मला दर वाचनात पुन्हा बघावी लागतात. तोंडी सांगायच्या गोष्टीत ही अडचण लहान नसते.

शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंचे मत स्पष्ट होते. आपल्या मुलांना आपल्या जगण्याशी जुळणारे द्यावे, पाण्याची गोष्ट आहे, ती घ्या, असे त्या म्हणाल्या. मलाही ते पटण्याजोगे वाटत होते. म्हणून पहिल्या दोन संध्याकाळी मी दोन्ही कादंबऱ्यांची तोंडओळख करून द्यायची आणि मुलांकडे बघून ठरवायचे, असे केले.

पहिल्या दिवशी मंगळ घेतला. मी १२६ चौरस मीटर म्हटले, मातीची जाडी सांगितली, आणि मी पुढचा आकडा उच्चारण्याआधी तीन मुलांनी ५०० लिटर हे उत्तर सांगितले. एकाने ड्रमही मोजले. उत्तर बरोबर होते, पण ते देताना कोणाच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. कडेला बसलेली नववीतली एक मुलगी, जिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि जी सहा महिने आजीजवळ राहते, तिने एवढेच विचारले, "मॅडम, त्याला आणायला कुणीतरी येणार असंल ना?" येणार आहे, मी म्हणाले. "मग त्याला काय भ्या नाही," ती म्हणाली, आणि वही मिटून बसली.

ती चुकीचे बोलली नव्हती. सबंध पृथ्वी एका माणसासाठी झटते, हे त्या कादंबरीचे सौंदर्य आहे आणि मला ते प्रिय आहे. पण उरलेले पाणी मोजून दिवस काढणे या मुलांना कोणी शिकवायला नको, आणि त्या हिशेबाच्या शेवटी कोणी न्यायला येते, असा त्यांचा अनुभव नाही. जगण्याशी जुळणारी गोष्ट म्हणून जी द्यायची, ती त्यांना आपलीच जुनी वही दुसऱ्याच्या अक्षरात परत मिळाल्यासारखी झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी तिळाएवढ्या जिवांविषयी सांगितले. ते उडी मारतात का, असे एका मुलाने विचारले. पडले तर काय होईल ते आपणच काढू, असे म्हणून मी पारावर खडूने सूत्र लिहिले. केवळ एक मिलिमीटर उंचीवरून पडले तरी जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सुमारे ३६ किलोमीटर होतो. मुलांनी ते पुन्हा पुन्हा केले, कारण कोणाचाच विश्वास बसेना. मग प्रश्न थांबेनात. त्यांच्याकडे डोंगर किती उंच, डोक्यावर छप्पर घालतात का, पाऊस कशाचा. नामदेवांसाठी औंढ्याचे देऊळ फिरले होते, मग हा अख्खा तारा कोणासाठी फिरतो, असे एका लहान मुलाने विचारले, आणि मी त्याला मोठे तारे आकसताना का गरगरतात ते हात पसरून, मग छातीशी आवळून, गिरकी घेऊन दाखवले. कालची मुलगी शेवटी म्हणाली की मॅडम, आपण त्यांना "थांबा" म्हणेपर्यंत त्यांच्याकडं आठवडे गेले असतील, मग आपल्याशी बोलायचं म्हणजे त्यांना किती वाट बघावी लागंल. कादंबरीत दोन्ही जातींच्या संवादाची खरी अडचण हीच आहे. ती मी अजून सांगितलेली नव्हती.

मराठीत हे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती. कृष्णविवर वाचकाच्या जगण्याशी कितपत जुळते, या शंकेपाशी ते थांबले नाहीत, म्हणून माझ्यासारखीच्या हातात पुढे भौतिकशास्त्राचे पुस्तक आले.

माझा निर्णय पक्का झाला तो मात्र 'ड्रॅगन्स एग' मधल्या एका छोट्या प्रसंगामुळे, जो मी आधीच्या वाचनात घाईने ओलांडला होता. ज्वालामुखी उसळल्यामुळे चीलांची एक टोळी आपला मुलूख सोडून निघते. वाट लांब आहे आणि जवळचे अन्न किती दिवस पुरेल हे कोणालाच सांगता येत नाही, कारण मोजणे अजून कोणाला ठाऊकच नाही. तेव्हा त्यांच्यातला एक बुद्धिमान जीव, उरलेले अन्न मोजण्यासाठी, गणित शोधून काढतो. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी कणगीत काठी घालून ज्वारी कुठवर आली ते बघायची आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची, असे वडील सांगत. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या रेघा म्हणजे गणितच होते, हे मला या पानावर कळले. वॉटनीचा हिशेबही तोच आहे, पण त्याचा हिशेब त्याला घरी पोचवून संपतो. त्या टोळीचा हिशेब उपासमारीत सुरू होतो आणि पुढे शतकानुशतके वाढत जाऊन ताऱ्याच्या पोटात काय आहे तिथवर जातो. ज्या मुलांच्या घरात आकडेमोड नेहमी टंचाईसाठीच झाली, त्यांना आकड्यांची ही दुसरी वाट मला दाखवायची होती.

तेव्हापासून रोज दुपारी दुसऱ्या दिवसाचा भाग मराठीत लिहून काढते. आकडे अडत नाहीत, शब्द अडतात. त्या ताऱ्याचे चुंबकीय ध्रुव पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत आणि चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ आहे की त्याच्या रेषांना धरून पूर्व-पश्चिम सरकणे चीलांना सोपे जाते, पण रेषा ओलांडून उत्तर-दक्षिण जायचे तर जीव मेटाकुटीला येतो. या दोन दिशांना इंग्रजीत साधे शब्द आहेत. मी 'सुलभ दिशा' आणि 'दुर्गम दिशा' असे लिहून ठेवले होते. मोठ्याने वाचले की ते शासकीय परिपत्रकासारखे वाटत होते.

परवा दादा नांगरट बघून आला आणि ओसरीवर पाणी पीत बसला असताना, "काय एवढं खोडायलीस?" म्हणून त्याने विचारले. मी त्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"नांगरलेल्या रानात चालल्यावानी हाय ते," तो म्हणाला. "तासानं चालाय काय लागतंय? तास आडवे तोडत जायचं म्हणलं की ढेकळं लागतात पायाला."

मी दोन्ही शब्द खोडले आणि त्या जागी 'तासानं' आणि 'आडवं' असे लिहिले. उद्याच्या भागात ती टोळी ज्वालामुखीकडे पाठ करून निघणार आहे, आणि त्यांचा नवा मुलूख दक्षिणेला आहे, म्हणजे सगळी वाट आडवीच.